अठरा किलो चारशे ग्रॅम

३ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

अत्यंत जड अंतःकरणानं कळवतो, की माझी खुंटी गेली.

माझ्या न्हाणीघरात एकच खुंटी आहे, हे तुला ठाऊक आहे. गेली बावीस वर्षं तिच्यावर माझा टॉवेल निर्वेधपणे लटकत आला. सरकारं आली-गेली, घरमालक वारला, त्याचा मुलगा घरमालक झाला, पण खुंटीवरच्या माझ्या हक्काला कोणी बोट लावलं नव्हतं. परवा तोंड धुतलं, डोळे मिटून हात पुढे केला, तर हाताला दोन लांब कान लागले. तुझ्या लेकीचा टॉवेल! त्याला टोपी आहे, टोपीला सशाचे कान आहेत, आणि ससा माझ्याकडे बघून हसतोय. माझा टॉवेल सध्या दाराच्या कडीवर असतो. दार उघडलं की तो पडतो, मी उचलतो, आणि ससा हसतो.

दुसरा खिळा ठोक, असं तू म्हणशील. प्रश्न खिळ्याचा नाही, तत्त्वाचा आहे. हे मी भिंगरीलाही समजावून सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "मामा, मी माझा टॉवेल पिशवीत ठेवत जाईन. तुझी खुंटी तू घे." इतक्या शहाण्यासारखं म्हणाली, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुंटी तिचीच राहील. तक्रार नोंदवून ठेवतोय, एवढंच.

तर पार्सल सुखरूप पोचलं. जावईबापूंनी तिला बसच्या पायरीवरून माझ्या हातात दिली आणि मी उचलली मात्र, "मेलो! कंबर मोडली! पोरगी आहे की सिमेंटचं पोतं!" असं ओरडून घरापर्यंत वाकून चाललो. सगळा स्टँड हसला. पुढे दोन दिवस मी उठता-बसता कमरेला हात लावून विव्हळायचो. माझं नाटक इतकं रंगलं, की भिंगरी तोंड एवढंसं करून माझ्याकडे बघायची. माझ्या अभिनयाला इतका गंभीर प्रेक्षक आजवर मिळाला नव्हता.

तू पाठवलेला एकतीस सूचनांचा कागद भिंतीवर लावलाय. "हट्ट करते, अंगावर चढते, सारखं कडेवर घ्या म्हणते, ताटात टाकते." बाई, ही दुसरीच कुणाची मुलगी तर पाठवली नाहीस ना? ही हट्ट करत नाही. अंगावर येत नाही. नाव भिंगरी, पण बसवलं की बसते. माझ्या दुकानात काटे आणि तराजू दुरुस्तीला येतात, त्यांच्याशेजारचा, वर उभं राहायला पाट असलेला माझा स्वतःचा काटा तिला फार आवडला. रोज सकाळी त्याच्यावर उभी राहते आणि मी दुकानाच्या भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहितो. पहिल्या दिवशी अठरा किलो चारशे ग्रॅम भरली. काट्याबद्दल इतकं कुतूहल माझ्या एकाही गिऱ्हाइकाला नसतं.

तू निवांत पडून राहा. डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलंय तर आडवी राहा. आयुष्यभर तू आडवी बोलतच आलीस, आता आडवी राहून दाखव. सहावा लागलाय, अजून चार महिने काढायचेत. बोक्याला माझा पापा.

तुझा, खुंटीहीन,
दादा

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा हसायला, एकदा सासूबाईंना वाचून दाखवायला, आणि एकदा नुसतंच.

इकडे मी छत बघते. छताला अकरा भेगा आहेत. एकीचा आकार सासूबाईंच्या नाकासारखा आहे, पण हे मी फक्त तुला सांगतेय. बोक्याला अडीच वर्षांच्या पोराला शोभेल इतकीच अक्कल आहे. तो दर दहा मिनिटांनी येऊन विचारतो, "आई उठली?" नाही म्हटलं की जातो, आणि जाताना काहीतरी पाडून जातो. यांची शीतगृहातली पाळी दुपारची झालीय, त्यामुळे सकाळी हे दोघांना, म्हणजे मला आणि बोक्याला, भरवून जातात. फोन खालच्या मजल्यावर आहे आणि मला जिना उतरायची बंदी, म्हणून पत्र हाच आधार. लिहायला वेळ भरपूर आहे. लिहिता मात्र येत नाही.

भिंगरीला तुझ्याकडे धाडलं, ते बरं केलं ना मी? सासूबाईंना दोघं झेपत नव्हती. बस सुटताना ती खिडकीतून हात हलवत होती म्हणे. मला पलंगावरून दिसलं नाही. मी उशीत तोंड घालून पडले होते.

ती माझ्याबद्दल काही विचारते का? त्या दिवशी सकाळी मला दवाखान्यात न्यावं लागलं, त्याबद्दल काही बोलली का? सहज विचारतेय.

आणि दादा, तिला फार उचलत जाऊ नकोस. तुझं वय झालंय.

शेंडेफळ

१४ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

माझं वय झालंय हे तू म्हणालीस, ते मी ऐकलं नाही असं समज. तसंही उचलायची वेळच येत नाही. तुझ्या लेकीला मांडीवर बसायला आवडत नाही. खुर्ची ओढून शेजारी बसते, मध्ये वीतभर अंतर ठेवून. तू तिचे लाड करून ठेवले होतेस, ते दहा दिवसांत उतरले. याचं श्रेय मी घेणार आहे.

मंगळवारी दुकानातून परत येताना तिच्या नव्या बुटानं टाच सोलली. पार रक्त आलं होतं. मला घरी आल्यावर मोजा लाल दिसला तेव्हा कळलं. एवढा रस्ता चालली, हूं की चूं नाही! म्हटलं, "अगं, सांगायचंस, उचललं असतं." तर मान हलवून नाही म्हणाली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! माझ्यावर गेलीस. तुझ्या आईला मुंगी चावली तरी गल्ली गोळा व्हायची."

डोकंही शास्त्रज्ञाचं आहे. काट्यावर चढण्याआधी खिसे रिकामे करते, केसातल्या पिना काढते. परवा विचारलं, "नखं कापली की किती कमी होईल?" कापली आणि मोजलं. काही फरक नाही. फार हिरमुसली. मग केस कापू या म्हणाली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे नेऊन कानापर्यंत कापून आणले. आता ती ससा दिसत नाही, सशाचं पिल्लू दिसते. खाण्यातही मन मोठं आहे. अंडं अर्धंच खाते, उरलेलं जिन्यातल्या मांजरीला. दूध अर्धं पिऊन म्हणते, "हे बोक्यासाठी." मी म्हटलं, "अगं, बोका तिकडे आहे." तर म्हणते, "मग मांजरीला."

एक किरकोळ लाजिरवाणी बाब. माझा काटा बिघडलाय. काटे दुरुस्त करणाऱ्याचाच काटा! कोणाला सांगू नकोस. भिंगरीला सतरा किलो नऊशे दाखवायला लागला. स्प्रिंग आखडली असणार. नेमकी माझी सगळी मापं वार्षिक शिक्का मारायला सरकारी कचेरीत गेलीत, ती आठ-दहा दिवसांनी येतील. मापाशिवाय काटा जुळवायचा कसा? मग मी भिंगरीलाच माप केलं. तिला वर उभी केली आणि अठरा चारशे दाखवेपर्यंत आतला स्क्रू पाऊण आटा फिरवला. झकास. आहे की नाही मामा हुशार? ती मात्र आकडा बघून रडवेली झाली. म्हटलं, "अगं, तू नाही बिघडलीस, काटा बिघडला होता."

तिनं तुझ्याबद्दल एवढंच विचारलं, "आई अजून झोपलेलीच आहे का?" हो म्हटलं. पुढे काही नाही.

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

थोडक्यात लिहिते. मंगळवारपासून पुन्हा कळ आली होती. आता बरी आहे. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या.

केस तिनं स्वतःहून कापायला सांगितले? तिनं? वेणी सोडताना जी घर डोक्यावर घ्यायची, ती?

तुझा काटा एकदा जुळवल्यावर पुन्हा बिघडल्याचं मी जन्मात ऐकलं नाही. मापं आली की आधी तो काटा तपास. दुसरं काही करू नकोस, आधी ते कर.

तुला एक सांगायचंय. आत्ता सासूबाई खोलीत बसून बोक्याच्या कपड्यांच्या घड्या करतायत. पुढच्या पत्रात.

शेंडेफळ

२३ फेब्रुवारी

मापं आज आली. दहाचं माप पाटावर ठेवलं. काट्यानं दहा किलो तीनशे दाखवले.

तुला समजलं का? काटा बिघडलेला नव्हता. मी बिघडवला. पोरगी कमी भरत होती आणि मी तिच्या अंगावरून काटा जुळवला, तिला पुन्हा अठरा चारशे करून ठेवली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. स्क्रू परत मागे फिरवला, माप ठेवून तपासलं, मग तिला उभी केली. सतरा किलो. वीस दिवसांत जवळजवळ दीड किलो. बावीस वर्षं लोकांचे काटे खरे करतोय मी.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिकाबाई राहतात. त्यांनी मला जिन्यात दोनदा थांबवलं होतं. "तुमची भाची सुकत चाललीय हो." दुसऱ्यांदा मी म्हटलं, "बाई, तुमचा चष्मा बदला." हे मी तुला लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. आज त्यांनाच दुकानात बोलावलं. त्यांनी तिच्या पापण्या उघडून बघितल्या, दंड चाचपले, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी माझ्याच दुकानाच्या बाहेर उभा राहिलो.

नंतर मी तिला विचारलं. खाली बसून, अजिबात गंमत न करता. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"मी हलकी होतेय. हलकी झाले की आईनं मला उचललं तरी बाळ पडणार नाही."

"बाळ पडेल असं कोण म्हणालं?"

"आई. मी जड आहे म्हणून झालं."

शेंडेफळ, तू सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर एवढं ठेवून तिला बसमध्ये चढवलीस आणि सोबत एकतीस सूचना दिल्यास. दूध कोमट द्या. कान पुसा. रात्री दिवा ठेवा. बत्तिसावी लिहायला हात जड झाला का? ती उपाशी राहून तुझ्या पोटातल्याला वाचवत होती आणि तू मला "सहज" विचारत होतीस, काही बोलली का म्हणून. तू लहानपणापासून अशीच. बशी फोडायची आणि तुकडे दुसऱ्याच्या अंथरुणाखाली लपवायचे. पण ही बशी नाही.

काय ते स्पष्ट लिही. आता सासूबाई खोलीत असल्या तरी.

२७ फेब्रुवारी

दादा,

सासूबाई खोलीत आहेत. मीच त्यांना थांबा म्हटलं. त्यांनाही आत्ताच सांगितलं. यांना रात्री सांगणार आहे.

त्या दिवशी सकाळी हे पाळीवर गेले होते. बोक्यानं दूध सांडलं होतं, मी ओणवी होऊन फरशी पुसत होते, आणि भिंगरी मागून गळ्यात पडून "कडेवर, कडेवर" करत होती. मी चिडून उचललं. चिडूनच. शांत बसावी म्हणून. दाराशी पोचेपर्यंत पोटात चमक आली, आणि खाली बघितलं तर रक्त. मी तिला तिथेच खाली टाकली. ठेवली नाही, टाकली. आणि ओरडले, "एवढी घोडी झालीस, जड झालीस, तुझ्यामुळे झालं हे! बाळाला काही झालं तर तुझ्यामुळे!" शेजारीण धावत आली. मला उतरवून नेताना भिंगरी दाराला पाठ लावून उभी होती. तिनं पोट आत ओढून घेतलं होतं. तेव्हा मला वाटलं, वाट देतेय.

इथवर कोणत्याही घाबरलेल्या बाईचं होतं. पुढचं माझं एकटीचं आहे.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की हे उचलण्यानं झालेलं नाही. गर्भाशयातली वार खाली सरकलीय. मी नुसती गादीवर लोळत असते तरी झालं असतं. त्यांनी हे दोनदा सांगितलं. भिंगरी तेव्हा अजून घरी होती, दादा. तुझ्याकडे यायला पाच दिवस होते. मला फक्त तिला हाक मारायची होती. मी मारली नाही.

का, ते मला आत्ता आत्ता कळतंय. मला हे तिसरं नको होतं. दोघंच आवरत नव्हती. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले होते, आणि मनात म्हटलं होतं, जाऊ दे हे, आपोआप जाऊ दे. मग खरंच रक्त दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणाचाच दोष नाही. पण मला माहीत होतं, कोणी काय मागितलं होतं. दोष भिंगरीच्या नावावर राहिला तर माझ्या नावावर येत नव्हता. एवढंच आहे. याच्यापेक्षा चांगलं कारण मी रोज शोधते. छताच्या अकरा भेगा पाठ झाल्या, कारण सापडलं नाही.

तुझ्या पत्रातलं बशीचं खरं आहे. अशी पत्रं लोक फेकून देतात, पण हे मी फेकणार नाही.

तिला चार वेळा पत्र लिहायला घेतलं. "तुझा दोष नाही" इथवर येते आणि मग वाटतं, हे वाक्य मी एक महिना खिशात घेऊन बसले होते. तू सांग तिला. तुझं ती ऐकेल.

शेंडेफळ

४ मार्च

प्रिय शेंडेफळ,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. ऐकलं तिनं. विश्वास ठेवला नाही.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुझ्या वजनानं काही झालेलं नाही. तुझं वजन कोणालाच लागत नाही."

ती म्हणाली, "मामा, तू गंमत करतोयस."

"नाही गं, खरंच."

"तुझी कंबर मोडली होती ना? मी उतरले तेव्हा. तू दोन दिवस आई गं, आई गं करत होतास."

तू तिला एकदा घाबरून म्हणालीस. मी सगळ्या स्टँडसमोर मोठ्यानं म्हटलं आणि दोन दिवस नाटक चालवलं. तिला जे खोटं ठरायला हवं होतं, त्याच्यावर मी शिक्का मारला. तू दरवाजात टाकलीस आणि इथे पोचल्यावर पहिल्याच मिनिटाला मी तिचं पोतं केलं. आणि रक्ताळलेल्या टाचेवर तिला शाब्बासकी दिली, तीही मीच.

तेवीस तारखेचं माझं पत्र फाडून टाक. फाडणार नाहीस, ठाऊक आहे. निदान त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेव, की हे लिहिणाऱ्यानं तेव्हा स्वतःला मोजलेलं नव्हतं.

कमरेचं खोटं होतं, हे मी तिला सांगितलं. "मग ओरडलास का?" "लोकांनी हसावं म्हणून." यावर तिनं खूप विचार केला. मग म्हणाली, "पण मी नव्हते हसले."

माणसांच्या शब्दावर तिचा भरवसा उडालाय, काट्यावर आहे. म्हणून काल तिला पोत्यांच्या मोठ्या काट्याजवळ नेलं. त्याच्यावर स्टूल ठेवून मी बसलो. "आकडा वाच." तिनं वाचला. मग म्हटलं, "आता मांडीवर ये." आली नाही. खालच्या परिचारिकाबाई शेजारीच होत्या. त्या हल्ली रोज दुपारी येतात, तिच्यासमोर बसून स्वतः जेवतात, एक अक्षर आग्रह करत नाहीत, आणि ती हळूहळू खाते. त्या म्हणाल्या, "तू बस. मोडला तर काटा मामाचाच आहे." तेव्हा आली. अगदी टोकाशी, पायाची बोटं जमिनीला टेकवून, अर्धं वजन स्वतःकडेच ठेवून. मी थांबलो. मग बोटं उचलली. काटा वर सरकला. "बघ, मामा आहे तसाच आहे. स्टूल आहे तसंच आहे. आता आपण दोघं उतरू." उतरलो. स्टूलही खाली काढलं, तसा काटा शून्यावर आला. म्हटलं, "कितीही वजन ठेव, उतरलं की काटा परत शून्यावर येतो. काही होत नाही त्याला."

तिनं शून्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई आली का शून्यावर?"

हे मला नाही सांगता येणार, बाळे. माझ्या शब्दाला शिक्का राहिलेला नाही. तुलाच सांगावं लागेल, आणि कागदावर नाही. बसता येतं का तुला?

आणि ते नळ सोडून रडलीस त्याचं. मला हसण्यावारी नेल्याशिवाय काही बोलता येत नाही, म्हणून नुसतं एवढंच लिहितो, की वाचलं. तुझं काही कमी झालं नाही माझ्याकडे.

दादा

८ मार्च

दादा,

बसता येतं. डॉक्टरीणबाईंनी कालपासून उशीला टेकून अर्धा तास परवानगी दिलीय. बाळ लाथा मारतंय. पहिल्यांदाच मी पोटावर हात ठेवून त्याच्याशी बोलले. माफी मागायला गेले आणि त्यानं लाथ मारली. सासूबाई म्हणाल्या, "उत्तर दिलं बघ. तुमच्याच घराण्यातलं."

सासूबाईंबद्दल मी नाकावरून काय काय बोलले असेन ते मागे घेते. मी सगळं सांगितल्यावर त्या घड्या करायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "याच्या वेळेला मीपण नळ सोडला होता." आणि पुन्हा घड्या करायला लागल्या. 'याच्या' म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. त्यांना कळलं तर रुसून बसतील, तेव्हा हे पत्र तूही जपून ठेव.

रविवारी तिला घेऊन ये. आधी काही शिकवून आणू नकोस. मला खूप भीती वाटतेय.

शेंडेफळ

१६ मार्च

प्रिय शेंडेफळ,

तुझ्या खोलीत जे झालं ते तू बघितलंस. मी तर दार लोटून बाहेर बोक्याला सांभाळत होतो, म्हणजे तो माझ्या बुटात पाणी भरत होता आणि मी बघत होतो. आतून आधी नुसता तुझा आवाज येत होता. मग दोघींचा रडका आवाज. मग तिचा एकटीचा, "इथे लाथ मारली! इथे!" तुला जे दिसलं नाही तेवढंच लिहितो.

बाळ येईपर्यंत मामाकडे राहीन, हे ती तुला म्हणाली, ते मी पढवलेलं नव्हतं. बसमध्ये मी विचारलं, घरी का नाही राहिलीस? म्हणाली, "आईला उठायचं नाही ना. बोका पुरे आहे तिला." आधी पाठवलेली होती, आता स्वतःहून आलीय. तेवढा फरक तिच्या बसण्यात दिसत होता. खिडकी अडवून बसली, माझ्या अर्ध्या जागेवर पाय पसरले, सासूबाईंनी दिलेला डबा संपवला आणि माझ्या बिस्किटांवर हात टाकला. सूचना क्रमांक सात, "दुसऱ्याचं मागते." कागद खरा ठरतोय हळूहळू.

उतरताना झोपली होती. मी उचलली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण स्टँडवरचा फळवाला ओरडलाच, "काय हो, आज कंबर ठीक?" तिला जाग आली. मानेवर तिचा गरम श्वास थांबला, आणि हातपाय सगळे एकदम आखडले. उतरायला बघत होती. मग थांबली. कानाशी विचारलं,

"मामा, मी जड आहे?"

शेंडेफळ, माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती. चारही गमतीची. "पिसासारखी आहेस" हे पाचवं. तेही खोटंच.

म्हटलं, "हो. जड आहेस. सहा वर्षांची पोरगी जेवढी असते तेवढी."

"दुखतंय?"

"हात भरून आलाय. घरी जाऊन खाली ठेवीन, मग बरा होईल."

तिनं जरा विचार केला. मग अंग सैल सोडलं. सगळंच. एकदम दुप्पट जड लागायला लागली, तुला ठाऊक आहे, झोपलेली पोरं कशी होतात. मी दोनदा थांबलो, हात बदलला, आणि तिनं डोळे उघडले नाहीत. जिन्यावर तर धाप लागली, खरीखुरी, आणि मी ती लपवली नाही.

आज सकाळी ती स्वतःहून काट्याकडे गेली नाही. मीही बोलावलं नाही. अंडं पूर्ण खाल्लं. मांजर पायरीवर बसून ओरडतेय, तिला कोणीतरी समजवायला हवं.

तिला वर घरात बसवून मी खालच्या मजल्यावर जाऊन आलो. परिचारिकाबाई चष्मा लावून पेपर वाचत होत्या. दारातूनच म्हटलं, "बाई, जिन्यात मी तुम्हाला जे बोललो, ते चुकलं." पुढचं एक वाक्य सुचलं होतं, चष्म्यावरून, चांगलं होतं. ते बोललो नाही. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, "बसा" म्हणाल्या. मी बसलो.

दादा